गणिताच्या तासाला सिनेमा

मुलीचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेले, तर तिचा चौथीचा वर्ग भर दुपारी अंधारात बसला होता. खिडक्यांवर चादरी टांगल्या होत्या आणि भिंतीवर सिनेमा चालू होता. तास खरं तर गणिताचा होता. बाई मागच्या बाकावर मोबाइल बघत बसल्या होत्या.

सिनेमातल्या मुलाची आई दवाखान्यात होती. दाराजवळच्या बाकावर आमच्या शेजारची सानिका ओंजळीत तोंड लपवून रडत होती. तिची आई उन्हाळ्यात गेली. बाई तेव्हा भेटायलाही येऊन गेल्या होत्या.

"बाई, सानिका रडतेय," मी म्हटलं.

"अहो, सिनेमाच तसा आहे. सगळीच रडतात," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी सानिकाला व्हरांड्यात घेऊन आले. मला बाईंचा राग आला होता. सिनेमावर माझा राग नाही. मुलांनी वर्गात सिनेमा जरूर पाहावा, रडावंही. पण त्यांना अंधारात बसवायचं, तर कोण हसतंय, कोण गप्प झालंय, हे बघायला मोठं माणूस शेजारी हवं. नाहीतर ती नुसती मुलांना गप्प बसवायची सोय. याला शिकवणं का म्हणायचं?

सानिकानं डोळे पुसले. "काकू, त्याची आई बरी होते का शेवटी?"

मला माहीत नव्हतं. मी आत जाऊन बाईंना विचारलं.

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "मी कुठे पाहिलाय?"