भिंतीकडचं गोणपाट

लोहार चाळीतल्या हत्यारांच्या दुकानावरून मी पुढे जात होतो आणि परत येत होतो. आत शिरायचं धाडस होत नव्हतं. शेवटी दुकानदारानेच हाक मारली, "ओ भाऊ, येरझाऱ्या घालून हत्यार मिळत नाय. आत या. काय पायजे?"

काय पाहिजे हेच तर ठरत नव्हतं. केबल जोडणाऱ्या मिस्त्रींच्या, म्हणजे जॉइंटरच्या हाताखाली मी काम शिकत होतो. सकाळी ठेकेदाराने सांगितलं होतं, "आता मिस्त्रींच्या पिशवीत हात घालायचा नाही. जॉइंटरची हत्यारं जॉइंटरची असतात. तुझी तू निवड, दुकानदाराचं मी बघतो. लालबागच्या गिरणीतलं केबलचं तोंड तू बांधायचंस. ते टेस्टला उतरलं तर तू जॉइंटर. नाही उतरलं तर..." पुढे तो बोलला नाही. मला मात्र पुढचं सगळं ऐकू आलं. पुढे निपाणीच्या पलीकडचं आमचं गाव होतं, तंबाखूची वखार होती आणि वखारीच्या दारात उभा राहून "आलास व्हय माघारी?" म्हणणारा थोरला भाऊ होता. सातवीतून शाळा सोडून मुंबईला निघालो तेव्हा त्याने एवढंच म्हटलं होतं, की लौकर येशील. ते खरं होऊ द्यायचं नव्हतं.

त्या काळच्या जाड केबली आजच्यासारख्या नव्हत्या. वर डांबरात भिजलेला ताग, त्याखाली पोलादी पट्टीचं चिलखत, मग पुन्हा ताग, मग शिशाची नळी आणि तिच्या आत तेलकट कागदाच्या कितीतरी घड्यांत गुंडाळलेलं तांबं. आतलं तांबं बॉक्समध्ये जोडायचं तर हे सगळं थराथराने सोलत जावं लागे. प्रत्येक थराला वेगळं हत्यार, आणि प्रत्येक हत्याराने आपल्या थराशी थांबायचं. करवतीने पट्टी अर्ध्या जाडीपर्यंतच कापायची, उरलेली पकडीने ओढून मोडायची. शिशावर सुरीने गोल रेघ मारायची, तीही अर्धीच. मग शिसं हलकेच हलवलं की रेघेवर तुटतं. रेघ खोल गेली तर आतला कागद कापला जातो, तिथे ओल शिरते, आणि ओल काही लगेच बोलत नाही. काही महिन्यांनी गिरणी भरात चालू असताना बोलते. कागद कोरडा आहे का ते बघायला त्याची पट्टी तापलेल्या मेणात टाकत. तडतडली की समजायचं, आत पाणी आहे. खानावळवाल्या काकींनी मोहरी फोडणीला टाकली तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं. "काय रे, मोहरीला भितोस?" त्या हसायच्या. त्यांना काय सांगणार?

मिस्त्री गिरगावातल्या एका वाडीतले ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचेच. मी केबलीचे खड्डे खणणाऱ्यांतला एक. एकदा त्यांचा मदतनीस आला नाही तेव्हा खड्ड्याच्या काठावर उभे राहून त्यांनी विचारलं, "कोणाचे हात सुके हायत?" मी हात वर केला. खोटंच. घाबरलं की माझ्या तळव्यांना घाम सुटतो, आणि मी बहुतेक वेळ घाबरलेलाच असायचो. त्यांनी माझा तळवा आपल्या बोटाने तपासला, हाकललं नाही. खिशातून खडूचा तुकडा काढला. "चोळ. कागदाला हात लावायच्या आधी दर वेळी चोळायचा. विसरलास तर परत खड्ड्यात." शाळा सुटली ती सुटली, पण खडू त्यांनी परत हातात दिला, असं मला तेव्हा वाटलं होतं. अजून वाटतं.

तेव्हापासून मी त्यांच्यासमोर बसू लागलो. केबलच्या एका बाजूला गोणपाटावर ते, दुसऱ्या बाजूला गोणपाटावर मी. जागा कशीही असो, केबलचं कापायचं टोक त्यांच्या डाव्या हाताला येईल असेच ते बसत. बहुतेक ठिकाणी त्यासाठी त्यांना भिंतीशी अंग चोरून बसावं लागे आणि मला मोकळी बाजू मिळे. मला वाटायचं, माझ्यावरच्या मायेने अडचण सोसतात. जेवायचे उजव्या हाताने, सही उजव्या हाताने, हातोडी दोन्ही हातांनी. शिशावरची सुरी तेवढी डाव्या हातात. तीही मला धंद्याची रीतच वाटली होती. ती सुरी त्यांनी मला कधी हातात दिली नाही. आमच्यात सुरी कोणी कोणाला देत नसे. दिली की धार आणि मैत्री दोन्ही जाते म्हणायचे. सरावाला मी गोदामातली जुनी, दोन्हीकडून झिजलेली सुरी वापरायचो.

तर त्या दिवशी दुकानात बसून मी निवडू लागलो. करवतीची पाती नखाने तपासली. मोठ्या दातांची पट्टीत अडकतात, उसळतात आणि मग थांबत नाहीत. बारीक दातांची घेतली. हातोडी हलकी घेतली. मेण तापवायचे पितळी ब्लोलॅम्प तीन पेटवून पाहिले, ज्याची ज्योत फडफडत नव्हती तो बाजूला ठेवला, मग परत तिन्ही पेटवले. दुकानदार वैतागला. "लग्नाला पोरगी बघतोय काय तुम्ही?"

आणि मग सुरी. त्याने पुढे टाकल्या त्या सगळ्या दोन्ही बाजूंनी तासलेल्या. मिस्त्रींची तशी नव्हती. तिला एकाच अंगाने उतार, दुसरं अंग आरशासारखं सपाट. मी तसं सांगितलं.

"अशी तयार येत नाय. सगळे जॉइंटर हीच नेतात."

"आमच्या मिस्त्रींची तशी आहे."

"मग मिस्त्रींनाच विचारा ना!"

विचारायला हवं होतं. पण मला त्यांना चकित करायचं होतं. मी सुरी घेऊन जवळच्याच धारवाल्याकडे गेलो. चाकावर धरण्याआधी त्याने विचारलं, "कौनसी बाजू?" मी डोळे मिटून मिस्त्रींचा हात आठवला आणि बोट ठेवलं. त्या दिवसभरात मला शंका आली नाही अशी तेवढी एकच गोष्ट.

लालबागच्या कामाला मुहूर्त मिळाला तो हरताळाचा. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव बंद राहणार होतं, म्हणून गिरणी बंद, म्हणून लाइन बंद करून मिळणार होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला खाती चालू व्हायला हवीत. मिस्त्री गिरगावातून येणार होते, मी लालबागेतच राहायचो. पण बस बंद. मी पोचलो, तर मिस्त्री नाहीत. गिरणीचा वायरमन तेवढा होता, परळच्या चाळीतला, माझ्याच वयाचा. त्यांच्या घरात नुकताच बुद्धाचा फोटो लागला होता आणि त्याला त्या दिवशी रस्त्यावर असायचं होतं, आत माझ्यावर पहारा करत नव्हे.

"चल, लवकर आटप," तो म्हणाला. "बाहेर लोक राज्य घेतायत आणि मी हितं तुझं तोंड बघतोय."

मलाही बाहेर जावंसं वाटत होतं. मोर्चातले लोक मुंबईसाठी ओरडत होते, मी मनातल्या मनात आमच्या गावासाठी. आमचं गाव महाराष्ट्रात येणार की नाही याची चर्चा खानावळीत रोज चालायची आणि रोज वेगळी संपायची. बाहेरून "झालाच पाहिजे" आलं की वायरमन आतून ओरडायचा, आणि माझा हात थांबायचा.

मी गोणपाटं अंथरली, ब्लोलॅम्पवर मेणाचं भांडं तापत ठेवलं. केबल ठाकठीक केली. ताग सोडवला, पट्टीवर करवत धरली. बारीक दातांनी इमानाने काम केलं, अर्ध्यावर थांबलो, पट्टी पकडीने ओढली तशी कटकन तुटली. शिसं उघडं पडलं. हाताला खडू चोळला आणि नवी सुरी काढली.

सुरी टेकवली तशी ती पळाली. मी सरळ ओढतोय आणि ती कापून न टाकता राखायच्या शिशाकडे वाकडी, आत आत घुसतेय. झटकन उचलली. शिशावर तिरपा ओरखडा. बोट फिरवलं. आरपार गेलेला नसावा. नसावा, पण कुणी सांगावं? चार बोटं मागे सरकून नवी रेघ मारता आली असती. त्यापेक्षा मागे गेलो असतो तर शिशाची नळी बॉक्सच्या तोंडापर्यंत पोचली नसती. म्हणजे अजून एकदाच. हाताचा खडू पार भिजून गेला. परत चोळला, परत भिजला. उठलो, दारापर्यंत गेलो, आलो. सुरी उजेडात धरली. धार उत्तम होती. मग चूक हाताचीच. दोन वर्षं त्यांच्यासमोर बसून हेच शिकलास का? गोदामात जुनी सुरी असेल, पण गोदाम आज बंद. मिस्त्रींची वाट बघावी, तर ते येतील की नाही कोण जाणे. भाऊ वखारीच्या दारात उभा राहिलेला मला स्पष्ट दिसत होता.

वायरमन विडी शिलगावता शिलगावता थांबला. "काय रे, ते भिंतीकडं गोणपाट कोणासाठी टाकलंस? भूत बसणार हाय काय तिथं?"

मी बघितलं. सवयीने दोन गोणपाटं अंथरली होती. भिंतीकडचं मिस्त्रींचं, रिकामं.

त्यांच्या मांडीवर केबल, टोक डाव्या हाताला, सुरीचा उतार त्या टोकाकडे आणि सपाट अंग राखायच्या शिशाला चिकटून. तसंच असायचं. माझ्या बाजूने तीच सुरी धरली की उतार येतो उलटीकडे, राखायच्या शिशावर. मी त्यांची सुरी घडवून आणली होती आणि बसलो होतो माझ्या जागेवर.

"तुझं गोणपाट रिकामं राहू नये म्हणून तरी बस तिकडं," वायरमन म्हणाला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. बोलायला कोणी नव्हतं म्हणून बोलत होता.

भिंत आणि केबल यांच्यामध्ये मी कसाबसा शिरलो. गुडघा भिंतीला घासत होता. टोक डाव्या हाताला, सुरी उजव्या हातात, म्हणजे हात अंगावरून आडवा न्यायचा. अवघड. चार बोटं मागे खूण केली आणि सुरी टेकवली. या वेळी ती पळाली नाही. गोल फिरत राहिली, मी धरून राहिलो. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. शिसं हलवलं. पुन्हा हलवलं. ते रेघेवर अलगद सुटलं आणि आतला कागद दिसला, अख्खा.

तेवढ्यात दारात मिस्त्री. गिरगावातून चालत आले होते, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी मला भिंतीकडे बसलेलं पाहिलं, मग माझ्या हातातली सुरी पाहिली. हात पुढे केला. मी घाबरत सुरी दिली. पहिल्यांदाच आमच्यात सुरी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. त्यांनी उतारावरून अंगठा फिरवला आणि त्यांना असं हसू आलं की खोकला लागला.

"अरे पोरा, ही डावखुऱ्याची धार! मी डावरा हाय. शाळेत डाव्या हातानं लिहिलं की छडी बसायची, म्हणून लिवायला, जेवायला उजवा. सुरीला कोण मारणार? तुला कोणी सांगितलं अशी घे म्हणून?"

"तुमची आहे म्हणून घेतली."

त्यांचं हसू थांबलं. सुरी त्यांनी रुमालाने पुसून मला परत दिली. मी उठायला लागलो, कारण ते आले म्हणजे ती जागा त्यांची. "बस," ते म्हणाले. मग मोकळ्या बाजूच्या गोणपाटावर, माझ्या जागेवर, हळूहळू खाली बसले, खिशातून खडू काढून आपल्या तळव्यांना चोळला आणि म्हणाले, "हं. काय देऊ?"

त्यांच्याकडे आजवर मी काही मागितलं नव्हतं. ते मागायचे, मी द्यायचो.

"मेण," मी म्हटलं.

त्यांनी तापलेल्या मेणाचं भांडं सरकवलं. मी कागदाची पट्टी आत टाकली. आम्ही तिघंही कान लावून बसलो. रस्त्यावर घोषणा चालू होत्या. भांड्यात काही तडतडलं नाही.

संध्याकाळी बॉक्स बांधून झाला तेव्हा ठेकेदार मेगर, म्हणजे वीज कुठे गळते का ते मोजायचं यंत्र, घेऊन आला. त्याने मुठीने चाक फिरवलं, आणि काटा सरकत सरकत डायलच्या टोकाला, त्या आडव्या पडलेल्या आठासारख्या खुणेवर जाऊन टेकला, म्हणजे गळती कुठेच नाही. मेगर मिटवताना त्याने फक्त विचारलं, "परवा शीवचं काम आहे. हत्यारं घेऊन थेट तिकडेच येशील ना?" मी मान हलवली.

तरी मला चैन नव्हतं. पुढे कितीतरी दिवस कामावरून परतताना मी वाट वाकडी करून गिरणीच्या भिंतीकडून जायचो, खिडक्यांत दिवे आहेत का बघायचो. मिस्त्रींच्या कानावर गेलं. "केबल काय तुझी पोरगी हाय, सासरी जाऊन बघतोस?" म्हणाले. मग सुरीची धार उलटवून आणू या म्हणाले. मी नको म्हटलं. "मग जल्मभर भिंतीकडंच बसशील." बसतो, म्हटलं.

राज्य झालं, आमचं गाव मात्र सीमेच्या रेघेपलीकडे राहिलं. गावी गेलो तेव्हा भावाने पहिल्यांदाच विचारलं, "कधी जाणार माघारी?" उद्याच, मी म्हटलं. खरं तर परवा गेलो असतो तरी चाललं असतं, पण मुंबईत काम पडलं होतं.