माडी आरोहीला मिळाली

येळ्ळूरच्या त्या घरात इंटरनेटची लाईन आणली ती दिपालीनं. केबलवाल्याच्या मागे लागून, खांबावरून तार ओढून घेऊन, आणि भिंतीला भोक पाडल्याबद्दल सासूची बोलणी खाऊन. ती बेळगावात उद्यमबागेतल्या एका लहान कंपनीत कामाला होती. दुसऱ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर नजर ठेवायचं त्यांचं काम. सुट्टीच्या दिवशी काही अडलं तर घरूनच बघता यावं, म्हणून तिनं ती लाईन घेतली होती.

लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून धाकटा दीर ओमकार आणि त्याची बायको आरोही घरी आली. आरोही शहरात, कॅम्पात वाढलेली. वडील लष्करातून निवृत्त झालेले, शिक्षण सगळं इंग्रजीत. पुण्याच्या एका कंपनीतर्फे ती परदेशातल्या गिऱ्हाइकांशी बोलायची. आल्या दिवशी तिनं विचारलं, "आई, मला बोलायचं काम असतं. जरा शांत जागा मिळेल का?"

मालुबाईंनी, म्हणजे सासूनं, तिथल्या तिथं माडी झाडून दिली. माडीवर वारा होता, खिडकीतून गावाबाहेरची शेतं दिसायची, आणि नेटही वरच चांगलं चालायचं, कारण नेटचं यंत्र, राउटर, दिपालीनं जिन्याच्या वरच्या पायरीशीच बसवलं होतं. दिपालीलाही आता घरूनच काम करायचं होतं. तिला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, भाताच्या पोत्यांना लागून स्टूल मिळालं.

"तुला काय, गप बसून बघायचं असतंय," मालुबाई म्हणाल्या. "तिला बोलाय लागतंय."

हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

दिपालीचं काम दाखवण्यासारखं नव्हतं. एका विमा कंपनीचे शेकडो लोक आता घरून काम करत होते, आणि त्या सगळ्यांना कंपनीच्या आत यायला दार एकच होतं. ते दार म्हणजे एक सुरक्षा यंत्र. आलेला माणूस आपलाच आहे का, काय नेतोय, काय आणतोय, हे ते तपासायचं आणि मग आत सोडायचं. ते घेतलं तेव्हा घरून काम करणारे मूठभर होते. मोठं यंत्र मागवलं होतं, पण ते लॉकडाऊनमध्ये वाटेतच कुठंतरी अडकलं होतं. तोवर या जुन्यावर किती भार येतोय हे दिपालीनं बघायचं. पडद्यावर एक रेष वर चढायची, खाली यायची. फार चढायला लागली की कमी गरजेची वाहतूक अडवायची, नाहीतर साहेबांना सांगायचं. दिवसभर रेष खाली राहिली म्हणजे तिचं काम चोख झालं, आणि काम चोख झालं की घरच्यांना वाटायचं, ही नुसतीच बसून आहे.

माडीवरून मात्र आरोहीचं हसणं ऐकू यायचं. भराभर इंग्रजी ऐकू यायचं. शेजारची जयाबाई कुंपणापलीकडून विचारायची, तेव्हा मालुबाई मान उंचावून सांगायच्या, "आमची धाकटी अमेरिकेसंगं बोलतीया." चहा वर जायचा तो बशीवर कप ठेवून, पाऊल न वाजवता. दिपालीला हाक यायची, "दिपाली, हात रिकामाच हाय न्हवं? जरा भाकरीचं पीठ मळ की."

ती मळायची. पिठाचे हात धुऊन येऊन पुन्हा रेषेकडं बघायची. आणि कान वर लागलेले असायचे. आरोही आज कुठली कुर्ती घालून बसलीय, तिच्या मागं भिंतीला कुठलं कापड लावलंय, सगळं तिला ठाऊक असायचं. नवऱ्याला, विक्रमला, एकदा ती म्हणाली, "माझ्या लाईनीवर ती मिरवतीया." विक्रम शेतावरून दमून आला होता. "घरातली लाईन हाय, तुझी न् तिची काय," एवढंच बोलून तो आंघोळीला गेला. आरोही वाईट वागत असती तर बरं झालं असतं. ती तर संध्याकाळी खाली येऊन भांडी घासू लागायची, "आक्का, तुम्ही उठा, मी करते" म्हणायची. त्यानं दिपालीचा जळफळाट आणखी वाढायचा.

मे महिन्यात एका सकाळी रेष रोजच्यापेक्षा लवकर चढायला लागली. कोणत्या तरी खात्यानं सगळ्या लॅपटॉपवर मोठं अपडेट सोडलं होतं, आणि ते त्याच एका दारातून चाललं होतं. दिपाली ते कुठून येतंय हे शोधत होती, एवढ्यात मालुबाईंनी हाक मारली, "दूध वर आलंय बघ गं! मी फुलं तोडालोय."

"आई, काम हाय मला."

"बसलीयासच न्हवं? दोन पावलं हाय चूल."

ती उठली. दूध उतरवलं, ओट्यावर सांडलेलं पुसलं, जयाबाईंना विरजण दिलं. परत येईपर्यंत यंत्र गुदमरलं होतं. आत असलेले लोक बाहेर फेकले गेले होते, बाहेरच्यांना आत येता येत नव्हतं. साहेबांचा, मारुतीरावांचा, फोन आला.

"दिपाली, कुठं होतीस?"

दूध उतू चाललं होतं, हे तिला सांगवेना.

"एक बघायचं काम तुझ्याकडं, आणि तेवढंही होत नाही?"

तिनं अपडेट थांबवलं. व्हिडिओची वाहतूक त्या दारातून काढून लोकांच्या घरच्या नेटवरून सरळ जाईल असं केलं. विम्याचे दावे बघणाऱ्यांना आधी आत सोडलं, बाकीच्यांना मागून. रेष उतरली. आणि नेमकी त्याच वेळी माडीवर आरोही खळखळून हसली.

घरच्या नेटच्या यंत्राचा पासवर्ड एकट्या दिपालीला माहीत होता. तिनं आपल्या लॅपटॉपवर त्याची सेटिंग उघडली. आरोहीचा लॅपटॉप नेटच्या रांगेत सगळ्यात शेवटी टाकला, त्याला नावापुरता वेग ठेवला. आत्ता विमा कंपनीसाठी केलं तेच तर हे, तिनं स्वतःला समजावलं. भार फार झाला की गरजेच्या कामाला आधी वाट द्यायची. पण घरच्या लाईनीवर त्या वेळी भार नव्हता, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वरचं हसू थांबलं. "हॅलो? हॅलो?" ऐकू येऊ लागलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. दिपाली पोत्याला टेकून ऐकत राहिली. तिला बरं वाटत होतं, फार दिवसांनी.

आरोही जिना उतरून आली तेव्हा रडत होती. "आक्का, जरा बघता का हो? वरच्या जागेसाठी माझी मुलाखत चालू होती. सगळं तुटतंय."

मुलाखत! दिपालीनं ते ऐकलंच नव्हतं. ती धावत वर गेली, उगाच तार काढून लावली, मोबाईलवरून वेग पूर्ववत केला. "झालं," म्हणाली. पण पलीकडचे लोक निघून गेले होते.

मालुबाई जिन्यात उभ्या होत्या. "थोरलीला कळतंय बघ ह्यातलं सगळं," त्या कौतुकानं म्हणाल्या. त्या दिवशी दिपालीचा चहाही बशीवरून आला. तिला तो पिववेना. गार झाल्यावर मोरीत ओतला.

ती जागा पुण्याच्या दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आठवडा गेला. मग एका दुपारी, मालुबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा, भाकऱ्या थापता थापता आरोही म्हणाली, "आक्का, त्या दिवशी तुमचं चालू होतं. ह्यांचा मोबाईलही चालू होता. बंद फक्त माझं होतं."

दिपालीनं तव्यावरची भाकरी उलटली. नाही म्हणता आलं असतं. "व्हय," ती म्हणाली. "मीच केलतं."

आरोहीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "का पण? माडी पाहिजे होती तर सांगायचं. मी नाही म्हटलं असतं का?"

"न्हाय म्हटलं नसतंस. म्हणूनच मागितली न्हाय."

आरोहीनं ते पीठ परातीत टाकलं. मग हात धुऊन वर निघून गेली. त्यानंतर दोघी एका घरात राहिल्या, एका पंगतीला जेवल्या, पण आरोही तिच्याशी कामापुरतंच बोलली. मालुबाईंना तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दिपालीला भांडून मोकळं तरी होता आलं असतं.

विमा कंपनीचं ते मोठं यंत्र पावसाळ्यात पोचलं. ते बसवायच्या दिवशी दिपालीनं सासूला स्वच्छ सांगितलं, "आई, आज मला हाक मारू नका. घर पेटलं तरी मारू नका." मालुबाई चकित झाल्या, पण त्यांनी दार ओढून घेतलं आणि दूध स्वतः बघितलं. एवढंच बोलायचं होतं, आणि ते आपल्याला आधी सुचलं नाही, याचा दिपालीला स्वतःचाच राग आला.

पुढच्या वर्षी ओमकार आणि आरोही पुण्याला परत गेली. निघताना आरोही पाया पडली, सगळ्यांच्या पडली तशीच. आता दिपालीकडं बऱ्याच कंपन्यांची यंत्रं आहेत, आणि हाताखाली दोन माणसं. आरोहीला मागाहून बढती मिळाली, ते मालुबाईंनी दारात बसून जयाबाईंना सांगितलं. दिपाली आत कपड्यांच्या घड्या करत होती. आपल्यामुळं गेलेलं तिला परत मिळालं, म्हणून मनावरचं ओझं जरा उतरलं. मग मालुबाई म्हणाल्या, "आता ऑफिसच्या खर्चानं परदेशाला चाललीया," आणि माडीवरचं हसणं ऐकताना व्हायचा तोच जळफळाट दिपालीला पुन्हा झाला.