विहिरीवरची लिंबाच्या वासाची निलगिरी

लेक बाळंतपणाला येणार हे ठरलं, तेव्हा मला डिंक-मेथीच्या आधी निलगिरी आठवली. नंदाखालला माझ्या माहेरी बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निलगिरीचा पाला उकळायची आईची पद्धत होती. माझ्या बाळंतपणात तिने मला रोज त्याच पाण्याने न्हाऊ घातलं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. चेहरा फोटोत आहे, पण आवाज काही केल्या आठवत नाही. तो पाला आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये उकळला की आई थोडी तरी परत येईल, असं मला वाटत होतं. वेड्यासारखं, पण वाटत होतं खरं.

आता कुठलाही पाला आईला चालत नसे. वाडीच्या बांधाला बाबांनी निलगिरीची रांग लावली होती. ती सरळसोट, सालीच्या पट्ट्या सुटणारी. केळीचा घड वाकला की तिच्याच काठीचा टेकू द्यायचा. बाबा हातभर खोड राखून तोडायचे, मग त्यातूनच नवे धुमारे यायचे. शेजारचे म्हणायचे, ही झाडं तुमच्या विहिरीचं पाणी पितात. बाबा म्हणायचे, पिऊ देत, माझ्या केळी तर उभ्या आहेत ना. सुटलेली साल चुलीत जायची, सुकल्या पाल्याचा संध्याकाळी डासांसाठी धूर व्हायचा आणि कोणाचं नाक चोंदलं की ओल्या पाल्याची वाफ.

दुसऱ्या जातीचं झाड एकच, विहिरीजवळ. बुंधा गुळगुळीत, पांढुरका. पान चुरगाळलं की लिंबाचा वास. ते झाड आईचं. साड्यांच्या पेटीत त्याचीच पानं, बाळंतिणीच्या पाण्यात त्याचाच पाला. त्याला कोयता लावायची बाबांचीही टाप नव्हती.

दिवस भरत आले तशी मी पिशवी घेऊन माहेरी गेले. वाडीत शिरले आणि विहिरीवर नजर गेली, तर वर नुसतं आभाळ. धाकटा भाऊ मागून आला आणि म्हणाला, "ताई, शेजारच्यांच्या पत्र्यावर वाकलं होतं गं. पावसाळ्याआधी तोडावं लागलं."

"मला एक फोन करता आला नाही तुला?"

"फोन केला असता तर तू तोडू दिलं असतंस? तू बस तरी, चहा ठेवलाय."

"तुझा चहा तूच पी," म्हटलं आणि तशीच फिरले. माझा राग नाकावरच असतो, घरात सगळ्यांना माहीत आहे. रिक्षात मात्र डोळ्याला पदर लावून बसले. आई दुसऱ्यांदा गेली, असं वाटलं मला.

लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली. आता पाला तर हवा. रस्त्याकडेच्या एका निलगिरीचा आणला, मोठ्या टोपात उकळला. लेक बाथरूममधूनच म्हणाली, "आई, मला सर्दी झालेली नाही." सगळ्या घरभर बामाचा वास. जावई हसले, मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन तो पाला केराच्या डब्यात टाकला, आणि तिथेच रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात. भाचीच्या बाळाला बघायला आला होता. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला भारा. उघडून बघते तर रुंद, खरबरीत, लव असलेली पानं.

"ही कसली आणलीस? भोपळ्याची?"

"चुरगाळून तर बघ."

चुरगाळलं. लिंबू.

"हातभर खोड राखलं होतं, बाबांसारखं," तो म्हणाला. "त्याला धुमारे फुटलेत. कोवळी पानं अशीच असतात. त्या दिवशी दाखवणारच होतो, पण तू चहाला थांबतेस कुठे?"

खोडाकडे मी पाहिलंच नव्हतं. वाडीत वाढलेली बाई मी, आणि नुसती वर बघून परत आले होते. त्याला चहा दिला, बरोबर दोन लाडू दिले, आणि टोप गॅसवर चढवला.

बाथरूमचं दार लोटलं तशी वाफ कोंडली आणि तो वास भरून आला. लेक पाटावर पाठमोरी बसली होती. तिचे केस पुढे घेतले, पाण्यात बोट घालून पाहिलं, पहिला तांब्या उचलला, आणि माझ्या तोंडून निघालं, "मान खाली घाल गं बाय, पानी कडत हाय."

लग्न होऊन इकडे आल्यापासून मी अशी बोललेच नव्हते. लेकीशी तर कधीच नाही.

तिने डोळे मिटूनच विचारलं, "आई, हे कोण बोललं?"

"तुझी आजी," मी म्हटलं, आणि तिच्या मानेवर पाणी ओतलं.