डोक्याच्या डाव्या बाजूची बाटली

संग्रहालयासाठी पेट्या आणि शोकेस करणं हे माझं रियाधमधलं काम. त्या आठवड्यात काचेच्या बारक्या बाटल्या आल्या. त्या दोनेक हजार वर्षांपूर्वी रोमनांच्या मुलखातून इकडं आलेल्या, आणि वाळवंटातल्या एका थडग्यात सापडलेल्या. प्रत्येकीच्या मापाचा खळगा मला फोममध्ये कापायचा होता. तिथल्या मॅडम हिंदीत म्हणाल्या, लोकांना वाटतं यात आसवं साठवत. खरं तर सुगंधी तेल असायचं, मेलेल्यासोबत ठेवायला. ही डोक्याच्या डाव्या बाजूला होती, ती पायाशी.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कोण कुठला तो मेलेला, त्याचं नावगाव कुणाला ठाऊक नाही, पण बाटली डाव्या बाजूला होती हे ठाऊक! आणि माझा भाऊ?

थोरला भाऊ मदिन्यात एका हॉटेलच्या लाँड्रीत होता. गेल्या हिवाळ्यात कामावर असतानाच वारला. आई फोनवर म्हणाली, मदिन्याची माती त्याच्या नशिबी आली, तिथंच राहू दे. मीच त्याच्या कफनाला अत्तर लावलं, मीच कबरीत उतरून त्याला निजवलं. आमच्या कोकणात घरचे कबरीवर सब्जाचं रोप लावतात, त्यावरून आपला माणूस ओळखू येतो. इथं नाव नाही, पाटी नाही. डोक्याशी एक दगड, तोही सगळ्यांना सारखाच. पुन्हा गेलो तोवर शेजारी नव्या रांगा झाल्या होत्या. किती फिरलो, पण शेवटी हात हलवत परत आलो.

मग आई उमऱ्याला, मक्का-मदिन्याच्या यात्रेला, यायची ठरली. फोनवर तिचं एकच, "त्याची कबर दाखवशील ना?" मी विषय बदलायचो.

ती आली. मी तिला मदिन्याला नेलं. कब्रस्तानात बायकांना सोडत नाहीत, जाळीबाहेरूनच बघायचं. आत नुसती माती आणि दगड, नजर पोचेल तिथवर.

"कुठं हाय रे तो?"

"आई, मला नाही सांगता येत. सगळे दगड सारखेच हायत."

मला वाटलं, आता मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"मग सगळ्यांनाच सलाम करते," ती म्हणाली. "कितीजणांच्या आया इथवर आल्यापण नसतील."

जाळी धरून तिनं सलाम म्हटला, आणि मग यात्रेकरूंच्या एवढ्या गर्दीत हमसून हमसून रडली.