नाताळची सुट्टी मागणाऱ्या उस्तानीबाई

उस्तानीबाई कुणापुढेही आवाज खाली आणत नसत. दारावरचा शिपाई असो की तहसीलदारांची बेगम, स्वर एकच. उस्तानी म्हणजे शिक्षिका; पण गावात उस्तानीबाई म्हटलं की त्याच. निजामाच्या शेवटच्या काळात बिलोली तालुक्यातल्या मुलींच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मी नवी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा आम्हा शिक्षिकांत त्या एकट्याच ख्रिस्ती होत्या. मुलींना त्या सांगत, "मागायचं ते ताठ उभं राहून मागा. वाकून मागितलं की त्याची भीक होते."

ईद-दिवाळीला मदरसा बंद असे. मोठ्या शहरांत नाताळचीही सुट्टी असते असं आम्ही ऐकून होतो; आमच्यापर्यंत ती पोचली नव्हती. त्या दिवशी बाई पहाटेच प्रार्थना उरकून, कोरं लुगडं नेसून शिकवायला येत. धाकट्या वर्गातल्या दोन ख्रिस्ती बहिणीही अबोलीचे गजरे माळून पाढे म्हणत बसत.

आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे सदरबाई म्हणत. बाई मायाळू. एका नाताळला उस्तानीबाईंना हळूच म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. हाजिरी मी लावते."

उस्तानीबाई हसल्या. "येशूच्या जन्मदिवशी खोटं बोलू म्हणता?"

"मग रजा घ्या."

"रजा माझी एकटीची, आपा. सण एकटीचा न्हाई. या लेकरांनी कुठली रजा घ्यावी?"

पुढच्या वर्षी नेमके नाताळलाच शाळाखात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. निघताना त्यांनी सहज विचारलं, "काही अडचण?" सदरबाईंनी नाही म्हणून मान हलवली, तोवर उस्तानीबाई स्वच्छ उर्दूत बोलूनही गेल्या होत्या. "आज आमचा सण आहे, साहेब. मदरशाला सुट्टी हवी."

"तुम्ही आहात किती जणी इथे?"

"मी आणि या दोन मुली."

"तिघींसाठी मदरसा बंद ठेवायचा?"

"गावात एकच मुसलमान घर असतं, तर ईद लहान झाली असती का?"

सदरबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. साहेब टांग्यात जाऊन बसले.

उन्हाळ्यात बाईंच्या बदलीचा हुकूम आला, थेट हदगावला. रागानं केली की नियमानं, ते कधी कळलं नाही. मोटारीपाशी सदरबाई रडायलाच लागल्या. "जरा गप्प बसला असतात तर..."

"तिथं बी पोरी असतीलच की, आपा," बाई म्हणाल्या आणि ट्रंक वर चढवायला लागल्या.

दिवाळीनंतर हुकूम आला : नाताळला मदरसा बंद.

नाताळच्या दिवशी सदरबाई आणि मी त्या बहिणींच्या घरी गेलो. गावकुसाबाहेरच्या त्या वस्तीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या आईनं घोंगडी अंथरली, पण पाणी द्यायला ती घुटमळली. मीच तिच्या हातातला तांब्या घेतला आणि प्याले.

"सणाच्या दिशी पोरी घरी हायेत," ती म्हणाली, "पयल्यांदाच."

धाकटीनं माझ्या हातावर करंजी ठेवली आणि ती खाऊन होईपर्यंत समोरून हलली नाही.