दौलतभाऊंनी लावलेल्या कड्या

दौलतभाऊ गेल्याची बातमी मला एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळली. जंगलात जीपगाड्या फिरवायला येणाऱ्या शहरी हौशी मंडळींचा हा गट. ‘दौलत अंकल नो मोअर, ट्रू लेजेंड’ एवढंच एकाने लिहिलं होतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. सातव्या की आठव्या हातानंतर कुणीतरी विचारलं, चिखलासाठी टायर कोणते बरे? चर्चा टायरांवर गेली ती पुन्हा माणसावर आलीच नाही. महिना झाला त्याला. गट मी त्याच दिवशी सोडला. खरं तर चार वर्षांपूर्वीच सोडायला हवा होता... का, ते सांगतो.

आलापल्लीबाहेर, रस्त्याला लागून दौलतभाऊंचं वेल्डिंगचं दुकान होतं. वर पत्रा, तीन बाजूंना बांबूचे तट्टे. मी तेव्हा मुलचेऱ्याला जनावरांचा डॉक्टर होतो. नाल्यापलीकडच्या गावांना जायला एक जुनी जीप लिलावात घेतली आणि मोठ्या हौसेने चंद्रपूरहून तिच्या बंपरला लालभडक हुक बसवून आणला. गाडी फसली की पट्टा अडकवायला असं काहीतरी लागतं, एवढंच माझं ज्ञान. दौलतभाऊंनी तो हुक दोन बोटांनी हलवून पाहिला.

“डॉक्टरसाहेब, हे काऊन लावलं?”

“फसलो तर ओढायला.”

“यानं तं बकरी बी नाई ओढल्या जात.”

मला राग आला. मी खाली वाकून चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, असलेली एक जुनी कडी दाखवली. म्हटलं, ही तर कंपनीनेच दिलेली आहे, हिला बांधू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हशीला घोड्याचं औषध देऊन आलोय. “हे गाडी ट्रकवर चढवून बांधाची कडी हाय. बांधनं अलग, ओढनं अलग.” मग स्वतः पाठीवर झोपून गाडीखाली सरकले आणि पेचकसाच्या टोकाने चासी टोचत गेले. एका जागी टोक आरपार गेलं. आतून सगळा गंज. तेवढा तुकडा कापून त्यांनी नवं लोखंड भरलं. चासीच्या पोकळीत नळी घातली, म्हणजे बोल्ट आवळताना पत्रा चेपणार नाही. आतून जाड पट्टी, बाहेरून बंद तोंडाची कडी, आणि आरपार बोल्ट. पुढे दोन, मागे दोन. तीन दिवस लागले. माझा लाल हुक त्यांनी भंगारात फेकला, तोही मला न विचारता. त्या कड्यांच्या जोरावर मी पुढे किती गाड्या नाल्यांतून काढल्या असतील... एकदा तर धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली काढली.

ती हौशी मंडळी दर हिवाळ्यात यायची. गाड्यांच्या टपावर फावडी, डबे, दिवे, पाण्यात इंजिनाला हवा मिळावी म्हणून लावलेल्या, पण नाल्यात कधी न बुडवलेल्या नळ्या. फावड्यांवरचं लेबलसुद्धा निघालेलं नसायचं. दौलतभाऊ त्यांना ‘पोस्टरचे वाघ’ म्हणत. मला मात्र ती आवडायची, हे इथे लिहायला लाज वाटते. ती मला डॉक्टरसाब म्हणायची, माझ्या जुन्या जीपचे फोटो काढायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एवढं पुरतं.

त्या वर्षी त्यांच्या म्होरक्याची नवीकोरी गाडी नाल्याच्या गाळात चारही चाकांनी बसली. बंपरला शोभेचा हुक. त्याने पट्टा त्याच हुकाला अडकवला आणि दुसरं टोक माझ्या मागच्या कडीला; मी जीपने झटका देऊन त्याला बाहेर ओढायचं. दौलतभाऊ माझ्यासोबत आले होते. “साहेब, त्या हुकाले नका बांधू. निंगते तो. खाली चासीले जागा पाहातो मी.”

“अंकल, आप साइड में रहो ना प्लीज,” म्होरक्या हसत म्हणाला. त्याच्या मित्राने मोबाइल धरला होता. दौलतभाऊ तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमी तं नका देऊ झटका.”

मी झटका दिला.

आवाज बंदुकीसारखा झाला. हुक बंपरच्या पत्र्याचा तुकडा घेऊनच सुटला आणि पट्ट्यासोबत माझ्या गाडीकडे आला. माझ्या मागच्या चाकाजवळ बोरांची टोपली घेऊन एक बाई गंमत बघत उभी होती. दौलतभाऊंनी तिला ढकललं. ती पडली, टोपली पडली, आणि हुक दौलतभाऊंच्या उजव्या खांद्यावर बसला.

हाडाचे तीन तुकडे. चंद्रपूरला नेलं, सळई घातली. म्होरक्या दवाखान्यात आला नाही. त्याने तो व्हिडिओ गटावर टाकला, शेवट कापून, वर गाणं लावून. मी मात्र रोज जात होतो, कारण घरी बसवत नव्हतं. चौथ्या दिवशी दौलतभाऊ आपणहून बोलले.

“तुमची कडी नाई हालली ना?”

“नाही.”

“मंग माहं काम बराबर होतं.”

माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. गाडीखाली झोपून वेल्डिंग करणारा माणूस स्टुलावर बसून राहिला. प्रज्ञा, त्यांची मुलगी, आयटीआय करून घरी होती. ती गाडीखाली शिरू लागली. बाप स्टुलावरून ओरडायचा, “दिसून नाई राह्यलं का तुले? चीर हाय तिथी!” तिलाही खालून उत्तर द्यायचं वळण लागलं. चार वर्षं असं चाललं, मग छातीच्या आजाराने ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी म्होरक्या आला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, तीन गाड्या घेऊन. मेणबत्ती लावली आणि न विचारता माइक घेतला. म्हणाला, अंकल आमच्या परिवारातले, त्यांना ऑफरोडिंगची गोडी आम्हीच लावली, एकदा फसलेल्या गाडीची रिकव्हरी करताना छोटीशी दुखापतही झाली होती... छोटीशी! मी उठलो. म्हटलं, “त्या हुकाला बांधू नका असं दौलतभाऊ तीनदा म्हणाले होते. बांधलं यांनी. झटका मी दिला.” आणि खाली बसलो. म्होरक्याने मोबाइल काढून पाहिला, महत्त्वाचा फोन असल्यासारखा कानाला लावला आणि जेवणाला न थांबता निघून गेला. फोन वाजलाच नव्हता, हे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रज्ञा माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही. मागच्या आठवड्यात जीप दाखवायला गेलो. स्टूल तसंच, पण त्यावर आता तिचा चहाचा पेला असतो. ती बराच वेळ गाडीखाली होती. बाहेर आली ती ग्राइंडर हातात घेऊनच.

“मागच्या दोनी कड्या काढा लागते. बोल्टाजवळ चीर पडली.”

“बाबांनी लावल्यात गं... राहू दे. मी आता कुठे कोणाला ओढतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. ही नजर मी ओळखत होतो.

“लागल्या राह्यल्या तं कोनी ना कोनी बांधनच, डॉक्टरसाहेब. उठा, बाजूले व्हा.”

मी उठलो आणि बाजूला झालो.