काचेआडचा कापूस वितळला तेव्हा

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं. पण काचेच्या आड कापसाचं एक फुललेलं शेत मेणासारखं ओघळलेलं पाहिलं, ते लख्ख आहे. पहाटे जाग आली की क्षणभर वाटतं, हे आपण खरंच पाहिलं की झोपेत?

मी तेव्हा यवतमाळला सहायक पोलीस निरीक्षक होतो. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा आणि रांगांवर आमचा बंदोबस्त. हंगामात अख्ख्या गावावर कापसाचे तंतू तरंगत असायचे. विजेच्या तारांवर अडकायचे, बाभळींना लोंबायचे, ठाण्याच्या पंख्याखालून फिरत फिरत स्टेशन डायरीवर उतरायचे. ठाणे अंमलदार आधी फुंकर मारायचा, मग नोंद करायचा.

अशा वर्षी गावातल्या एका लहान सरकारी संग्रहालयात कापूस दालन उभं राहिलं. काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलेलं. काचेची कपाटं, दिवे, मातीचे बैल आणि मधोमध मोठ्या काचेत कापसाचं शेत. बाहेर कापूस ऊन खात पडलेला आणि आत तो दिव्यांच्या उजेडात मिरवत होता. उद्घाटन झालं, पेपरात फोटो आले.

काही दिवसांनी ठाण्यात फोन वाजला. बाईचा आवाज, नाव सांगेना.

"साहेब, म्युझियममधला कापूस वितळला."

"कापूस वितळत नसतो, बाई. जळला म्हणा."

"जळला असता तं फायर ब्रिगेडले फोन केला असता ना! या अन् पाहा."

मी हवालदाराला घेऊन गेलो. दालनात पडदे ओढलेले, निळसर उजेड, बाहेरच्या उन्हाचा पत्ताच नाही. पाण्याखाली चालल्यासारखं वाटलं. दिव्यांच्या जवळची बोंडं वाकून खाली लोंबली होती. त्यांच्या टोकांना चकचकीत थेंब धरून वाळले होते. जळक्या प्लॅस्टिकचा वास. हवालदार काचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिला.

"साहेब, उभ्या जिंदगीत कापसाले घाम आलेला नाही पाह्यला मी."

पंचांसमक्ष एक चिमूट काढून काडी लावली. कापूस जळला की त्याची भुरभुरीत राख होते. याची काळी, टणक गोळी झाली. उरलेला नमुना सीलबंद करून मुद्देमाल म्हणून घेतला, प्रयोगशाळेत पाठवायची नोंद केली.

संग्रहालयाचे प्रभारी अधिकारी पिढीजात कचेरीतल्या घराण्यातले, सज्जन माणूस. त्यांचा चेहरा उतरला. माल मिळाला म्हणून सही त्यांची होती. काचेची जाडी त्यांनी मोजून घेतली होती, दिवे लावून पाहिले होते, बैलांची शिंगंसुद्धा तपासली होती.

"आणि कापूस?" मी विचारलं.

"कापूसच तो, साहेब. यवतमाळात कापूस कोण तपासतो? माझ्या घरी दिवाणाखाली आहे, माळ्यावर आहे."

मला त्यांचं पटलं. ही चूक फक्त आपल्याच जिल्ह्यातला माणूस करू शकतो. ज्याच्या अंगणात रोज कापूस पडलेला, तो काचेतल्या कापसाकडे दुसऱ्यांदा बघत नाही.

ठेकेदाराला बोलावलं. अत्तर लावलेला, गोड बोलणारा. म्हणाला, "करारनामा इंग्रजीत आहे, इन्स्पेक्टरसाहेब. तुम्हाला मराठीत समजावून सांगतो."

"राहू द्या. वाचलाय मी." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तो करार मी शब्दन् शब्द वाचला होता. त्यात स्पष्ट होतं की कापूस याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडून विकत घ्यायचा. तेवढं कलम मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. इंग्रजीतच.

तो म्हणाला, "ते काम मी आर्णीच्या एका गादीवाल्याला दिलं होतं. कापूस त्याच्या ताब्यात दिला. त्यानं तो घरी नेला आणि इथं उशीतलं फायबर चिकटवलं. फसवणूक माझी झालीय."

यात दम होता. तो गादीवाला दालनात काही दिवस कामाला आला होता, हे खरं. आर्णीला त्याच्या दुकानात फायबरची पोती निघाली, तेही खरं. भर बाजारातून त्याला जीपमध्ये बसवून आणलं. पिंजाऱ्याच्या घरातला, पन्नाशी उलटलेला माणूस. सगळे त्याला चाचा म्हणत.

"चाचा, फायबर कायले ठेवता दुकानात?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"सस्त्या उशीत भराले. गिऱ्हाइकाले सांगून भरतो."

"अन् म्युझियममध्ये?"

"लोकायले बसाच्या गाद्या भरल्या मी. शेताले हातच नाही लावला. ते तं खोक्यातून आलं, झाडासकट तयार."

"साक्षीदार कोण?"

"अल्ला." मग हवालदाराकडे पाहून म्हणाला, "त्याले समन्स निघत असन तं काढा भाऊ."

हवालदाराला हसू आवरेना. चाचा मात्र हसला नाही. त्याचा आवाज खाली आला.

"साहेब, आमच्याकडे लोक घरचा कापूस आनून टाकतात. मी पिंजतो, त्याच कापसाची गादी भरून वापस देतो. आत काय भरलं, शिवल्यावर कोन पाहते? भरोशावर धंदा हाय. तुमी मले बाजारातून उचललं. आता म्हनतीन, चाचा कापूस बदलते. मंग कोन येईन माह्या दुकानात?"

तो जबाब मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला घेऊन घटनास्थळी गेलो. माझी एक पद्धत होती. खोटं बोलणाऱ्याला अडवायचं नाही. त्याला बोलू द्यायचं, चहा पाजायचा. खरा माणूस विचारलं तेवढंच सांगतो. खोटा माणूस न विचारलेलं रंगवून सांगतो.

"इथंच व्हरांड्यात बसून पिंजत होता," तो सांगू लागला. "शेत मांडायचं चाललं होतं तेव्हाची गोष्ट. मी डोळ्यांनी पाहिलंय. ते मोठं धनुष्यासारखं पिंजण, त्याची ती ताणलेली दोरी, टणटण आवाज. काय सुंदर दृश्य होतं, साहेब!"

"पिंजण कुणाचं?"

"त्याचंच. वडिलोपार्जित."

मी त्याला कोपऱ्यातल्या कपाटाकडे नेलं. निळ्या उजेडात एक जुनं पिंजण टांगलेलं होतं. खाली पट्टी, आर्णीच्या गादीवाल्याकडून भेट म्हणून. मी प्रभारींना विचारलं, "हे कधी आलं?"

"सगळ्यात आधी. शेत यायच्या कितीतरी आधी. कपाट तेव्हाच बंद केलं, किल्ली माझ्याकडे."

चाचाच्या दुकानात पिंजायचं यंत्र येऊन वर्षं झाली होती. बापाचं पिंजण त्यानं संग्रहालयाला देऊन टाकलं होतं. ठेकेदार काम चालू असताना इकडं फिरकलाच नव्हता. त्यानं काम दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पिंजारी कसा काम करतो, हे त्याला फक्त चित्रात पाहून ठाऊक होतं.

ठेकेदारानं पाणी मागितलं. पाण्याबरोबर बाकीचं सगळं बाहेर आलं. यवतमाळजवळच्या लोहारा इथं त्यानं भाड्यानं घेतलेलं गोदाम उघडलं. लग्नाच्या स्टेजवरची कागदी फुलं, प्लॅस्टिकच्या वेली आणि खोक्यांत तीच पांढरी झाडं. मेहुण्याचा लग्नमंडप सजवायचा धंदा. अख्ख्या जिल्ह्याचा कापूस दाराशी पडलेला असताना या गृहस्थानं नकली कापूस बाहेरून आणला आणि बिल मात्र शेतकऱ्यांच्या कापसाचं लावलं. अटक झाली, पुढं दोषारोपपत्र गेलं.

चाचाला मी म्हटलं, "तुमच्यावर काही नाही. हवं तर तसं लिहून देतो."

"कागद कोनाले दाखवू, साहेब? दुकानाच्या दारावर चिकटवू?" तो म्हणाला. "तुमीच या. वर्दीत या. बाजाराच्या दिवशी जरासे बसा माह्या दुकानात."

कायद्यात असं काही लिहिलेलं नाही. तरी मी गेलो. तो मला गादीवर बसवून कामाला लागला. यंत्र घरघरत होतं, कापसाचे तंतू उडत होते, खांद्यावरच्या ताऱ्यांवर बसत होते. मी ते झटकले नाहीत. उन्हातून माणसं सावकाश जात होती, वळून बघत होती. शेजारच्या सायकलवाल्यानं हाक दिली, "काहून चाचा, साहेब कायले बसले?"

"गादी भरून पाहिजे त्याह्यले," चाचा यंत्रावरून नजर न काढता म्हणाला. "सरकारी खुर्ची टोचून राह्यली."

त्या दिवशी मला एक कळलं, ते मी पुढं प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आलो. माणसाला ठाण्यात आणायला एक जीप पुरते. त्याचं नाव परत जागेवर ठेवायला आपल्याला स्वतः जाऊन बसावं लागतं, आणि किती वेळ, ते आपल्या हातात नसतं.

उन्हं कलली. मी उठावं की नाही या विचारात होतो. तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन दुकानापुढं थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, चाचाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग वाकून गाठोडं पायरीवर उतरवलं.

"चाचा, दोन गाद्या," ती म्हणाली. "कापूस घरचा हाय."